मनाचं मॉडेल करायचंय? आधी पंचगंगेचं पाणी बघ

भावा, डायरेक्ट न्यूरल नेटवर्कवर उडी मारू नकोस, मी मारली आणि सहा महिने घालवले. मेंदू काय कॅमेरा नाही, तो आधी अंदाज बांधतो आणि डोळ्याकानातनं जे येतंय त्यानं दुरुस्त करत बसतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६०च्या दशकातच सांगून ठेवलंय.

हीच अंदाज-दुरुस्ती आकड्यात बघायला आपल्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं घे, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. "धोका ओलांडला" असा फॉरवर्ड आला. समज तुझा आधीचा विश्वास १०%, खरं असेल तर असा मेसेज यायची शक्यता ८०% आणि खोटं असलं तरी ४०% (आपले ग्रुप माहितीयत की!), तर बेजच्या सूत्रानं (नवीन माहिती आली की आधीचा विश्वास किती बदलायचा, ते सांगणारं सूत्र) उत्तर येतं फक्त १८%. पण २०१९चा पूर ज्याच्या घरात शिरला त्याचा सुरवातीचा आकडाच लई वर असणार, म्हणून तोच मेसेज वाचून तो सामान माळ्यावर टाकतो आणि दुसरा निवांत मिसळ खातोय, दोघंबी गणितात बरोबर. हे आधी एक्सेलमध्ये करून बघ.

मग मुखवट्याची आतली, खोलगट बाजू लांबनं बघ. चेहरा बाहेर आलेला दिसतो, आणि खोलगट आहे हे माहीत असूनसुद्धा दिसायचं थांबत नाही! म्हणजे दिसणं आणि मानणं एकाच डब्यात कोंबू नकोस.

आणि प्रायर, म्हणजे तो सुरवातीचा आकडा, आधी लिहून ठेव रे, उत्तर बघून नंतर बदललास तर कुठलंबी मॉडेल बरोबरच येतंय. राव आणि बॅलार्डचा मेंदूच्या याच अंदाज-दुरुस्तीवरचा १९९९चा पेपर त्यानंतर वाच, आत्ता डोक्यावरनं जाईल.