जुन्या पेटीतून : महालातली जर्मन पाणबुडी

(जुनी नाणी, बिल्ले, पदकं, कागद याबद्दल वाचकांचे प्रश्न. या वेळी तीन-चार पत्रं एकाच विषयावर आली म्हणून सगळा अंक जर्मन नौदलालाच दिला.)

प्रश्न : काका नमस्कार, मी नागपूरच्या महाल भागात राहते. दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची लोखंडी पेटी उघडली तर तळाला एक बिल्ला निघाला. अंडाकृती, भोवती पानांची माळ, मधे पाणबुडी, वर गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेतून इटलीला होते. घरात सगळे सांगतात की त्यांनी तो पाणबुडीच्या कॅप्टनच्या छातीवरून काढून घेतला. आईने स्वस्तिक बघून तो चिंचेनं घासला आणि देवघरात ठेवून दिला, आता काही ठिकाणी लालसर पिवळा दिसून राहिला. मागे श्वेरिन, बर्लिन, ६८ असं आहे. भाऊ म्हणतो ६८ म्हणजे १९६८ सालचा, डुप्लिकेट आहे, फेक. खरं काय समजायचं?

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. ६८ हे साल नाही, तो बर्लिनचा पोस्टाचा विभाग आहे, आपण पत्त्यात नागपूर-१० लिहितो ना तसा. आणि श्वेरिन नावाचं जर्मनीत एक शहर आहे पण इथे ते शहर नाही, बिल्ला बनवणाऱ्या कारखानदाराचं आडनाव आहे. म्हणजे मागचा मजकूर जसा असायला पाहिजे तसाच आहे. पण यावरून लगेच खरा म्हणू नका, कारण नकला करणारेसुद्धा हेच नाव टाकतात, त्यांनाही माहितीय लोक काय बघतात ते.

तुमच्याकडे आहे तो पाणबुडीवाल्यांचा युद्धबिल्ला. १३ ऑक्टोबर १९३९ ला तो सुरू झाला आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी पहाटे यू-४७ या पाणबुडीने ब्रिटिशांच्या स्कापा फ्लो बंदरात घुसून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली. डिझाइन पॉल पेकहाउसचं. साधारण दोन मोहिमा केल्या की मिळायचा. पहिल्या महायुद्धातही असाच बिल्ला होता, १९१८ च्या फेब्रुवारीत कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने सुरू केलेला, पण त्याच्यावर गरुडाऐवजी राजमुकुट असतो, त्यामुळे दोन्हींत घोळ व्हायचं कारण नाही.

आता आईच्या चिंचेबद्दल. संग्रह करणारा कोणीही हे ऐकून डोक्याला हात लावेल, मीपण लावला, कारण वरचा सोन्याचा मुलामा गेला तो गेलाच. पण त्याच चिंचेनं एक काम फुकटात करून दिलं, खालचा धातू उघडा पडला. लालसर पिवळा म्हणजे तोंबाक, तांबं जास्त असलेलं पितळ. युद्धाच्या सुरुवातीचे बिल्ले याचेच बनायचे, पुढे तांब्याची ओढाताण झाली तसे जस्ताचे यायला लागले. जस्ताचा असता तर खाली करडा निघाला असता, हातात घेतला की हलकाही लागतो. आणि जस्तावरचा मुलामा वर्षानुवर्षं धातूतच जिरत जातो, म्हणून ऐंशी वर्षांचा जस्ताचा बिल्ला बहुतेक काळपट करडाच दिसतो. कोणी तुम्हाला सोन्यासारखा चमचम करणारा जस्ताचा बिल्ला दाखवला तर मी तरी दोन पावलं मागे सरकेन.

पुढचं काम असं करा, इतवारीच्या सराफ्यात तुमचा ओळखीचा सोनार असेल त्याच्याकडे जा, त्याला जर्मन बिल्ल्यातलं काही कळायची गरज नाही, त्याचं भिंग, बारीक माप घ्यायचं व्हर्नियर आणि काटा पाहिजे. हा बिल्ला साधारण ४८ मिमी रुंद आणि ३९ मिमी उंच असतो. अस्सल बिल्ल्याचा साचा काढून त्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, थोडीशीच, पण व्हर्नियरवर कळतं. भिंगाखाली गरुडाची पिसं आणि माळेतली पानं बघा. तोंबाकचा बिल्ला ठशाने ठोकलेला असतो, त्याच्या रेघा धारदार येतात आणि पृष्ठभाग घट्ट. ओतलेल्यात बारीक बारीक खड्डे, बुडबुड्यांच्या खुणा, कडेला शिवण आणि ती शिवण लपवायला मारलेली कानस दिसते. आणि मुख्य म्हणजे उलटा करा. सगळे समोरूनच बघतात, फोटो पण समोरूनच पाठवतात (तुम्हीपण तेच केलं). मागची बिजागरी, पिन, हुक, ते कसं झाळलंय, यात नकला करणारा आळस करतो. पिन नवी कोरी आणि बिल्ला झिजलेला असेल तर काहीतरी गडबड आहे किंवा नंतर दुरुस्ती झालीय.

राहिली कॅप्टनची गोष्ट. हा बिल्ला अधिकारी आणि खलाशी दोघांना एकच होता, त्यामुळे कोणाच्या छातीवर होता हे बिल्ल्यावरून कळूच शकत नाही. इटलीत आपले सैनिक १९४३ ते ४५ लढले आणि युद्ध संपता संपता सिगारेटच्या बदल्यात असल्या वस्तू हातोहात फिरत होत्या. मला वाटतं आजोबांनी तो असाच कुठेतरी मिळवला असावा, आणि घरात सांगता सांगता कॅप्टन नंतर आला असेल. त्यात आजोबांचा काही कमीपणा नाही. पण त्यांचं डिस्चार्ज बुक, इटली स्टार पदक, तिकडून आलेलं एखादं पत्र त्याच पेटीत असेल तर ते बिल्ल्यासोबतच ठेवा, वेगळं करू नका. तो बिल्ला इटलीहून महालात आला याला पुरावा म्हणायचा तर तोच.

देवघरातून मात्र काढा. आईला समजवायला जड जाईल हे मान्य, पण ते आपलं स्वस्तिक नाही, आणि हळदीकुंकवाचा ओलावा धातूला वाईट. कोरड्या सुती कापडात गुंडाळून डबीत ठेवा. परत घासू नका. म्हणजे नकाच.

प्रश्न : भाऊ, मला ऑनलाइन एक पाणबुडी बिल्ला ऑफर झालाय, मागे यू-१८० कोरलंय. विकणारा म्हणतो नेताजी ज्या पाणबुडीतून गेले तिच्यातल्या खलाशाचा आहे, ८५ हजार सांगून राहिला, दोन दिवसांत घ्या नाहीतर दुसरा घेऊन जाईल म्हणतो. घेऊ का? — सदरहून एक वाचक

उत्तर : नका घेऊ. जाऊ द्या त्या दुसऱ्याला.

पाणबुडी खरी आहे. नेताजी आणि आबिद हसन फेब्रुवारी १९४३ मधे कील बंदरातून यू-१८० मधे चढले, कप्तान वेर्नर मुझेनबर्ग, आणि एप्रिलच्या शेवटी मादागास्करच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून जपानच्या आय-२९ या पाणबुडीवर गेले. हे सगळं पुस्तकांत सापडतं, विकणाऱ्यालाही सापडलं. पण हे बिल्ले देताना त्यांच्यावर ना माणसाचं नाव टाकायचे ना बोटीचा नंबर. म्हणजे ते यू-१८० कोणीतरी नंतर कोरलंय, १९४३ मधे एखाद्या हौशी खलाशाने किंवा मागच्या महिन्यात कोणीतरी, आणि बिल्ल्याकडे बघून या दोघांत फरक करणं जवळपास अशक्य. पण भिंगाखाली कोरीव रेघेचा तळ चकचकीत आणि आजूबाजूचा धातू काळपट दिसला तर मागच्या महिन्यातलंच समजा.

खलाशाचा संबंध सिद्ध करायचा तर कागद लागतो. बिल्ल्याबरोबर एक प्रमाणपत्र मिळायचं, त्यावर नाव, हुद्दा, तारीख, शिक्का, सही. नाव हाती असेल तर जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे विचारता येतं, सैनिकांच्या नोंदी ठेवणारं बर्लिनचं जुनं ऑफिस २०१९ पासून त्यांच्यातच विलीन झालंय. विकणाऱ्याला म्हणा खलाशाचं नाव सांग. माझा अंदाज, त्यानंतर त्याचे मेसेज कमी होतील.

आणि नेताजींशी जोडलेली जर्मन काळातली वस्तूच पाहिजे असेल तर आझाद हिंदची पदकं असतात, ती व्हिएन्नाच्या सुवाल कंपनीने बनवली होती. पण सुवालने युद्धानंतरही बिल्ले-पदकं काढली, त्यामुळे तिथेही डोळे उघडे ठेवूनच जावं लागतं.

प्रश्न : बिस्मार्क नाव विणलेली नौदलाच्या टोपीची काळी रिबन मिळून राहिली, स्वस्तात. — कामठी रोड

उत्तर : स्वस्त आहे याचं कारण आहे. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला कळू नये म्हणून खलाशांच्या टोपीवरून जहाजांची नावं काढली आणि सगळ्यांना नुसतं क्रीग्समरीन, म्हणजे तेव्हाच्या जर्मन नौदलाचं नाव लिहिलेली रिबन आली. बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका नौदलात दाखल झाली २४ ऑगस्ट १९४० ला आणि २७ मे १९४१ ला बुडाली, सव्वादोन हजारांच्या आसपास माणसांतले शंभर-सव्वाशे वाचले. मग नाव असलेली रिबन घालून फिरायला कोण कधी गेलं सांगा. तरी समाधान पाहिजे तर नोटा तपासायचा अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारा, धागा पांढराशुभ्र चमकला तर आधुनिक असण्याची शक्यता मोठी. मात्र जुनं कापड कोणी वॉशिंग पावडरमधे धुतलं असेल तर तेही चमकतं, म्हणून टॉर्च शेवटचा, तारखा आधी.

प्रश्न : माझ्याकडच्या विनाशिकेच्या बिल्ल्यावर स्वस्तिकच नाही. कोणी घासून काढलं असेल का? नक्कल आहे का?

उत्तर : घासल्याची खूण नसेल तर ना घासलं, ना नक्कल. पश्चिम जर्मनीने १९५७ मधे कायदा करून माजी सैनिकांना युद्धातली पदकं स्वस्तिकाशिवाय लावायची परवानगी दिली आणि तशी नवीन बनवली. विनाशिकेचा मूळ बिल्ला १९४० चा, नॉर्वेतल्या नार्विकच्या लढाईनंतरचा. तुमचा ५७ नंतरचा. किंमत बरीच कमी, पण वस्तू प्रामाणिक आहे. १९४० चा म्हणून विकू नका एवढंच.