लेकीच्या मैत्रिणीकडे जाऊ का?

'आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवेला राहतो. आठ वर्षांच्या लेकीला जिवलग मैत्रिणीच्या फर्स्ट कम्युनियनचं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या सोहळ्याचं, आमंत्रण आलंय. मैत्रीण ट्रॅव्हलर या इथल्या भटक्या समाजाची. चर्चनंतरचं जेवण त्यांच्या हॉल्टिंग साइटवर, म्हणजे कौन्सिलनं (इथल्या पालिकेनं) ट्रॅव्हलरांना राहायला दिलेल्या वस्तीत आहे. इथल्या मराठी बायका म्हणतात, त्या वस्तीत पाऊल टाकू नका. नवराही कचरतोय. काय करू?'
– एक आई

ताई, जा. लेकीला नुसतं सोडून येऊ नका, तिघंही जा.

'त्या वस्तीत जाऊ नका' हे आपण गावाकडे पारध्यांच्या पालांबद्दल ऐकतच वाढलो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, संशय गेला नाही. तोच संशय आपली माणसं परक्या देशात दुसऱ्या कुणावर घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ट्रॅव्हलर मूळचे आयर्लंडचेच, बहुतेक कॅथलिक. गावोगाव फिरून पत्र्याची भांडी घडवायची, गळकी सांधायची, घोड्यांची खरेदी-विक्री करायची, हे त्यांचे पिढीजात धंदे. प्लास्टिक आलं आणि पत्र्याचं काम बसलं. 2002 च्या कायद्यानं परवानगीशिवाय कुठे मुक्काम टाकणं हाच गुन्हा ठरला. फिरती माणसं राहणार कुठे? बरेच जण घरांत गेले, काही कौन्सिलच्या साइटवर. स्वतंत्र वांशिक समाज म्हणून सरकारची मान्यता मिळाली ती थेट मार्च 2017 मध्ये.

कम्युनियन त्यांच्याकडे आपल्या मुंजीसारखं थाटात होतं. काका-मावश्या, चुलत-मावस भावंडं, सगळा गोतावळा जमतो. मुलगी पांढरा झगा, डोक्यावर जाळीदार ओढणी आणि हातात चिमुकली पर्स घेऊन मिरवते. पाहुण्यांनी दिलेली पाकिटं त्या पर्समध्ये जातात. तुम्हीही कार्डात पैसे घालून द्या. लेकीला पांढरा सोडून कुठलाही रंग घाला. चर्चमध्ये प्रसादाची रांग लागेल तेव्हा जागेवरच बसून राहा, कुणाला वावगं वाटत नाही. शाकाहारी असाल तर आधीच कळवा.

नवऱ्याची धाकधूक मनापासूनची आहे, त्याच्याशी भांडू नका. मुलीच्या आईला फोन करून किती वाजता यायचं, गाडी कुठे लावायची ते विचारा. कुठल्याही घरी पहिल्यांदा जाताना आपण हेच विचारतो. तरीही तो नाहीच आला, तर तुम्ही दोघी जा. आणि तिथले फोटो त्या माउलीला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.