ग्रुपमध्ये ऐकतात कुणाचं?

प्रश्न : केळी उत्पादकांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी, पण सगळे विचारतात एका तरुण पोराला. असं का? – एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, ॲडमिनला माणसं जोडता-काढता येतात, ऐकायला लावता येत नाही. मीही सावद्याचा केळीवालाच. पानावर पिवळे पट्टे दिसले, की ग्रुपवर औषधांच्या नावांचा पाऊस पडतो. अशा वेळी जो आधी नीट फोटो मागतो, सीएमव्ही हा विषाणूचा रोग ओळखतो, ‘यावर औषध नाही, झाड उपटून नष्ट करा, तो पसरवणारी मावा कीड आवरा, शेजारी काकडी-भोपळा नको’ असं स्पष्ट सांगतो आणि आठवड्यानं पुन्हा विचारपूस करतो, त्याच्याकडेच लोक वळतात. त्या पोरालाही ॲडमिन करा. खोटे भाव पसरवणारे फॉरवर्ड मात्र तुम्ही रोखा. त्या कामाला वयाचा मान लागतो.