कोल्हापुरातल्या कॉलेजच्या सायन्स बिल्डिंगमध्ये वीज वाचवणारी यंत्रणा बसवायची तर सुरुवात कुठून करावी?

संस्थेनं अख्ख्या बिल्डिंगसाठी व्हीआरएफ एसीचं (बाहेरच्या एकाच मशीनवर अनेक खोल्यांचे एसी चालवणारी यंत्रणा) कोटेशन मागवलंय, ते घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथं डक्टिंग (हवा वाहून नेणारे पाइप) आणि एसीचीच कामं करतो, तरी सांगतो: सही करायच्या आधी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक चक्कर मारा.

तिथल्या फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या, पुढं सरकती काच असलेल्या कपाटाचा हिशेब बघा. ४ फुटी हूड, काच दीड फूट वर, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे तासाला साधारण १,००० घनमीटर हवा गच्चीवर फेकली जाते. २० बाय ३० फुटांच्या, ११ फूट उंच लॅबमधली सगळी हवा तासात पाच वेळा बदलली, तीही एकाच हूडनं! अशा खोलीत फाइव्ह स्टार एसी लावला तरी तो आभाळच गार करणार.

म्हणून आधी एक्झॉस्ट. बहुतेक ठिकाणी फॅन गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो आणि डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) अर्धा मिटून काम भागवलेलं असतं. डॅम्पर पूर्ण उघडा, मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा आणि वेग खाली आणा. वेग ८० टक्क्यांवर आला की फॅनची वीज जवळपास निम्म्यावर येते. मात्र हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मोजूनच कमी करायचा; वीज वाचवताना पोरांच्या नाकात ॲसिडची वाफ जाता कामा नये. काम नसताना काच खाली ओढायची सवय लागली तर त्याला खर्च शून्य, पण ते काम प्राध्यापकांचं. डक्ट पीव्हीसी किंवा एफआरपीचाच (फायबरचा) घ्या, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा ॲसिडच्या वाफेनं खाल्ला जातो. फॅन गच्चीवरच ठेवा, म्हणजे आतल्या डक्टमध्ये ओढ राहते. कुठं फट पडली तरी धूर वर्गात येत नाही.

वर्गांना एसी नकोच, असं माझं मत. आपल्याकडं एप्रिल-मे सोडला तर समोरासमोरच्या खिडक्या आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे पुरतात. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तिसाच्या आसपास.

एसी खरा लागतो तो उपकरणांच्या खोलीला, आणि तिथं उन्हाळ्यापेक्षा पावसाळा वाईट. जून ते सप्टेंबर इथली हवा एवढी ओली असते की मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो, ओल तशीच राहते. बेताचा इन्व्हर्टर एसी आणि वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्या. अशा दोन-तीनच खोल्या असतील तर व्हीआरएफची गरज नाही.

जाता जाता, भिंतीवरचं डिस्टिल्ड वॉटरचं मशीन बघा. ३ किलोवॅटचा हीटर, शिवाय थंड करायचं पाणी सरळ मोरीत. ते दिवसभर चालू ठेवू नका.

कंत्राटदार कुणीही असो, प्रत्येक हूडचा हवेचा वेग ॲनिमोमीटरनं (हवेचा वेग मोजायच्या यंत्रानं) तुमच्यासमोर मोजून द्यायची अट ऑर्डरमध्येच लिहा आणि शेवटचा हप्ता त्या आकड्यांवर अडवून ठेवा.