तेल सोडलं, तरी चरबी का वाढली?

प्रश्न : वय ४६. वर्षभर तेल जवळजवळ बंद आहे. तरी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, उपाशीपोटी साखर १०८. मला मधुमेह होणार का?

उत्तर : होणारच असं नाही, पण दोन्ही आकडे रेषेच्या पलीकडे आहेत. ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवं, साखर १००च्या आत.

तेलाचं सांगितलंत, गोडाचं आणि मद्याचं मात्र पत्रात काहीच नाही! पेशंट हेच नेमकं गाळतात. जास्तीची साखर, पिष्ट आणि मद्य यांपासून यकृत स्वतःच चरबी तयार करतं, त्यात मुख्यतः पामिटिक आम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक. रक्तात ते जास्त असलेल्यांत मधुमेह अधिक आढळतो. उलट, लिनोलिक आम्ल हा चरबीचाच दुसरा घटक जास्त असलेल्यांत तो कमी दिसतो, आणि ते शरीराला बनवता येत नाही, वनस्पती तेलांतूनच मुख्यतः मिळतं. म्हणून तेल पूर्ण तोडणं मला पटत नाही. मोजकं घ्या.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. थायरॉइडही तपासा, ते मंदावलं तरी ट्रायग्लिसराइड चढतं. वजन जास्त असेल तर पाच-सात टक्के उतरवा. गोळ्यांचं काय ते रिपोर्ट आल्यावर बघू.