कोड्यातले ‘हळदीकुंकू’: ‘द’ की ‘दी’?

एका वाचकभगिनींनी शब्दकोड्यातील पुढील सूचना पाठवली आहे: ‘उघडले तर पांढरे, मिटले तर सौभाग्यलेणे, बांडगुळावर जन्म, उंच शेंड्यांवर येणेजाणे (पाच अक्षरे).’ त्यांनी ‘हळदकुंकू’ भरले, छापील उत्तर मात्र ‘हळदीकुंकू’ निघाले. हे फुलपाखराचे खरे नाव आहे की कोडेकाराने जुळवलेले, ‘द’ बरोबर की ‘दी’, आणि हे नाव वाक्यात कोणत्या लिंगी चालवायचे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

नाव खरे आहे. इंग्रजीत ज्याला कॉमन जेझबेल म्हणतात, त्या फुलपाखराला मराठी निरीक्षक हळदीकुंकू म्हणतात. त्याच्या पंखांची वरची बाजू पांढरी असून तिच्यावर काळ्या शिरा असतात. ते पंख मिटून बसले की खालच्या बाजूचा हळदीसारखा पिवळा रंग आणि कडेने ओळीत लावल्यासारखे तांबडे ठिपके दिसतात. त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात, त्यामुळे सूचनेतला एकही शब्द वाया गेलेला नाही. ‘मिटले तर’ हीच खरी किल्ली आहे, कारण नाव पंखांच्या खालच्या बाजूवरून पडले आहे, आणि फुलपाखरू म्हटले की उघडे पंख डोळ्यांसमोर आणणारा माणूस इथे हमखास चकतो.

आता ‘द’ आणि ‘दी’. हळदकुंकू व हळदीकुंकू ही दोन्ही रूपे बोलण्यात आहेत, लिहिण्यात मात्र दुसरे अधिक आढळते; ‘हळदीने’, ‘हळदीचा’ यांत दिसणारे ‘हळदी’ तेच इथे आहे. घोळ असा की चौकटी दोन्ही रूपांना पाचच लागतात, कारण मराठी कोड्यात चौकट अक्षराला असते, काना-मात्रा-वेलांटीला वेगळी चौकट नसते. म्हणून अक्षरे मोजून हा प्रश्न सुटत नाही, तिसऱ्या चौकटीतून जाणारा उभा शब्दच तो सोडवतो. आपण पाठवलेल्या चित्रात तो उभा शब्द ‘गादी’ आहे, म्हणजे तिसरे अक्षर ‘दी’च हवे. तो शब्द ‘नाद’ असता तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो.

लिंगाचे म्हणाल तर जोडशब्दातले शेवटचे पद ‘कुंकू’ नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ‘हळदीकुंकू उडाले’ असे लिहावे. ‘हळदीकुंकवाला बोलावले’ म्हणतो त्याच चालीने ‘हळदीकुंकवाच्या पंखांवर’ हेही रूप होते. ‘हळदीकुंकूच्या पंखांवर’ असे अलीकडे वाचायला मिळते, ते कानाला बोचते.

फुलपाखरांच्या नावांवरची कोडी सोडवताना लिंगाची ही बाब फार उपयोगी पडते. महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवले, तेव्हा त्याचे मराठी नाव ‘राणी पाकोळी’ असे सांगितले जाई. पुढे ‘नीलवंत’ रूढ झाले. म्हणजे तेच काळेभोर, निळ्या पट्ट्यांचे फुलपाखरू एका नावाने ‘ती’ आणि दुसऱ्या नावाने ‘तो’ आहे, आणि सूचनेत ‘उडाली’ आहे की ‘उडाला’ एवढ्यावरून उत्तर निम्मे हाती लागते. शिवाय ‘पाकोळी’ हे एका चपळ पक्ष्याचेही नाव आहे, तेव्हा नुसते ‘पाकोळी’ उत्तर असलेल्या सूचनेत कोडेकाराला दोन्हीकडे बोट दाखवण्याची सोय मिळते. ती लबाडी मला रास्त वाटते.

‘मोठा चांदवा’ या फुलपाखराच्या नावावरच्या कोड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. काळ्या पंखांवर निळसर-जांभळ्या झाकेने वेढलेले पांढरे चंद्र नराच्याच अंगावर असतात. मादी वेगळी दिसते आणि तिला ते चंद्र नसतात. ‘पंखांवर चंद्र मिरवणारी’ अशी सूचना मी एकदा वाचली, स्त्रीलिंगी नाव शोधण्यात अर्धा तास घालवला आणि उत्तर ‘चांदवा’ निघाले. तिथे निसर्ग आणि व्याकरण दोन्ही चुकले होते. ‘मिरवणारा’ एवढाच बदल पुरेसा होता.