फ्लेमिंगोचा फोटो खरा की एडिट केलेला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नवी मुंबईतल्या फ्लेमिंगोंचे फोटो बघून थक्क व्हायला होतं, पण इतका गुलाबी रंग आणि मागे इतक्या जवळ इमारती खऱ्या असतात का, ओळखायचं कसं? याच प्रश्नावरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालू आहे, तेव्हा उत्तर लांबेल. घाई असेल तर सरळ 'आता तुमचं ओळखायचं' इथे जा.

मागच्या फेब्रुवारीत सकाळी सातच्या सुमारास मी सीवूड्सच्या डीपीएस तलावावर होते. भरती होती. ठाणे खाडीत भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, खायला उभं राहायला जागा उरत नाही, मग थवेच्या थवे आत या तळ्यांवर येऊन टेकतात. कोवळं ऊन तिरकं पडलेलं, पाणी अगदी स्थिर, आणि अडीच-तीनशे पक्षी एका पायावर. एकाने मान वर काढली आणि नेमका तेवढाच जागा असल्यासारखा इकडे बघत राहिला. माझी सेकंडहँड 400 एमएमची लेन्स, हात थंडीने गारठलेले (हो, नवी मुंबईतही गारठतात), आणि तो फोटो आला. आयुष्यात असे दोन-तीनच येतात.

घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले. आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, लिहिलं, 'वहिनी, एआय ना? मस्त जमलंय.'

मस्त जमलंय!

मी पुरावा म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही संस्कार न झालेली मूळ फाइल, दाखवली. रॉ फाइल कशी दिसते हे ज्याने बघितलंय त्याला पुढचं कळलंच असेल. फिकी, राखाडी, मरगळलेली. भाऊजी म्हणाले, 'बघा, मूळ फोटो फिका आहे, म्हणजे रंग तुम्हीच भरला.' आता यावर काय बोलणार? ऐरोलीला आयटीत चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस. त्यांचा मोबाइल एका क्लिकमध्ये पाच-दहा फ्रेम काढून, जोडून, रंग खुलवून देतो ते खरं, आणि मी एडिटिंगमध्ये रंगाचा स्लायडर हाताने सरकवला की खोटं.

मला हे लागायचं कारण जुनं आहे. बाबांचा ठाण्यात जांभळी नाक्याजवळ फोटो स्टुडिओ होता. मी डार्करूमच्या लाल बल्बखाली, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात मोठी झाले. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली कागद ठेवून बाबा तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा हलवत राहायचे, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर प्रकाश कमी पडावा आणि प्रिंटमध्ये चेहरा उजळ यावा. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंग करायचे. निगेटिव्हमध्ये तीळ म्हणजे पारदर्शक ठिपका. त्यावर शिसं भरलं की प्रिंटमध्ये तीळ गायब. ठाण्यातल्या कितीतरी आज्यांच्या लग्नातल्या नितळ कांतीचं श्रेय त्या पेन्सिलीला आहे. तेव्हा कोणी 'एडिट केलंय' म्हणत नसे, 'हात चांगला आहे' म्हणत.

एकदा मात्र एक बाई फोटो परत घेऊन आल्या. नुकत्याच गेलेल्या आईचा मोठा फोटो भिंतीसाठी करून घेतला होता. बाबांनी सवयीने हनुवटीवरचा तीळ काढून टाकला होता. त्या काउंटरवर फोटो उलटा ठेवून म्हणाल्या, 'ही माझी आई नाही.' बाबांनी एक शब्द न बोलता निगेटिव्ह काढली, कापसाला टर्पेंटाइन लावून पेन्सिल पुसली, आणि पुन्हा प्रिंट मारली. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ते आधी विचारायचे, 'तीळ ठेवायचा का?'

तेव्हा माझा हिशेब सोपा आहे. उजेड-सावली, रंगाची मात्रा, कातरणं, हे सगळं चालतं. जे होतं ते काढणं आणि जे नव्हतं ते घालणं चालत नाही. हे मी एकटी म्हणत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 2010 मध्ये एका छायाचित्रकाराचं पारितोषिक काढून घेतलं, कारण त्याने फोटोत मागे दिसणारा एका पायाचा तुकडा पुसला होता. गंमत म्हणजे मूळ फ्रेम त्याने भरपूर कातरली होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. आणि 24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 मधून विल्यम अँडर्स यांनी टिपलेला, चंद्रावरून पृथ्वी उगवतानाचा फोटो घ्या. त्यांनी काढला तेव्हा चंद्राची कड उभी होती, छापताना आडवी करतात. त्यामुळे पृथ्वी खोटी ठरली का, भाऊजी?

आता तुमचं ओळखायचं. इमारती जवळ दिसतात कारण फोटो लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेला असतो. पक्षी आणि इमारत यांच्यातलं अंतर चपटं होतं. रंगाचं म्हणाल तर गुलाबी खरंच असतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांमधल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. पण सगळा थवा एकाच रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा दिसला तर शंका घ्या. पिल्लं राखाडी असतात, मोठ्यांतही छटा वेगवेगळ्या. इथे फ्लेमिंगोच्या दोन जाती दिसतात: छोट्या जातीची (लेसर) चोच गडद लालसर, मोठ्या जातीची (ग्रेटर) गुलाबी आणि टोकाला काळी. उडताना पंखांची मागची कड काळी दिसलीच पाहिजे. पाय मोजा, पाण्यातलं प्रतिबिंब जुळतंय का बघा, तिथे एआय कधी कधी गडबडतं.

खरं तर नोव्हेंबर ते मेच्या दरम्यान कधीही भरतीची वेळ बघून तळ्यावर या, नाहीतर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जा. आपली ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तरी निम्मं ठाणं तिथे फिरकलेलं नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं की मोबाइलवरचा फोटो खरा की खोटा याने फार अडत नाही.

अर्थात शंका घेऊच नका असं मी म्हणत नाही. पावसाचं पाणी तुंबलं की भलत्या वर्षीचे, भलत्या गावचे फोटो 'आत्ताचं ठाणे स्टेशन' म्हणून फिरतात. त्यातले बरेचसे एडिट केलेले नसतात. त्यांच्याखालची ओळ आधी तपासा.

आणि एक राहिलं, प्रामाणिकपणे सांगते. माझ्या त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात निळी प्लास्टिकची पिशवी तरंगत होती. मी ती पुसली नाही, फ्रेम कातरली. भाऊजींच्या मते दोन्ही एकच. माझ्या मते नाही, पण हे लिहिताना फाइल उघडून ती पिशवी परत बघितली, आणि जरा वेळ बघतच बसले. पुढच्या वेळी टाकेन तो पिशवीसकट टाकेन. तेव्हा भाऊजी काय म्हणतात बघू.